प्रादेशिक उपग्रह दिशादर्शन प्रणाली आणि स्वायत्ततेचा प्रश्न : 'नाविक'च्या संदर्भात एक चिकित्सा

'आपण या क्षणी कोठे आहोत?' या प्रश्नाचे अचूक उत्तर देणारी यंत्रणा विसाव्या शतकाच्या अखेरीस व्यवहारतः एकाच राष्ट्राच्या हाती होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये हाती घेतलेली जीपीएस प्रणाली १९९५ मध्ये पूर्णत्वास गेली. रशियाच्या ग्लोनास प्रणालीने त्याच सुमारास चोवीस उपग्रहांची संख्या गाठली खरी, परंतु आर्थिक अरिष्टामुळे ती लगेचच ओहोटीला लागली. त्यानंतरच्या पाव शतकात युरोपीय संघाने गॅलिलिओ, चीनने बैदू, जपानने मिचिबिकी आणि भारताने 'नाविक' अशा स्वतंत्र प्रणाली उभारल्या. जगभर चालणारी व विनामूल्य मिळणारी एक सेवा उपलब्ध असताना इतक्या राष्ट्रांनी आणि राष्ट्रसमूहांनी एवढा खर्च का केला असावा, हा प्रश्न केवळ तंत्रविज्ञानाचा नाही. राज्यशास्त्र, भूगोल आणि अर्थशास्त्र या तिन्ही विद्याशाखांच्या सीमेवर तो उभा आहे.

भारतात या प्रश्नाचे रूढ उत्तर एका शब्दात दिले जाते आणि तो शब्द म्हणजे कारगिल. १९९९ च्या संघर्षात अमेरिकेने भारताला जीपीएसची माहिती नाकारली, त्या अवमानातून स्वदेशी प्रणालीचा संकल्प झाला आणि २०१६ मध्ये तो सिद्धीस गेला, अशी ही मांडणी आहे. वृत्तपत्रे, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शक पुस्तके आणि सार्वजनिक भाषणे यांतून ती इतक्या वेळा आली आहे की तिची तपासणी करण्याची गरज फारशी कोणाला भासत नाही. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा केली असून, नकाराची भीती हे स्वतंत्र प्रणाली उभारण्याचे एक खरे पण अपुरे कारण आहे, असे प्रतिपादन केले आहे. अपुऱ्या कारणावर विसंबल्यामुळे प्रणालीकडे पाहण्याची दृष्टीही अपुरी राहते. प्रक्षेपणाचा दिवस हाच स्वायत्ततेचा दिवस मानला जातो आणि त्यानंतरच्या देखभालीचा विचार मागे पडतो. 'नाविक'ची आजवरची वाटचाल याची साक्ष देते.

नकाराची कथा आणि नकाराचा पुरावा

कारगिलची कथा ज्या रूपात सांगितली जाते त्या रूपात ती तांत्रिक कसोटीवर टिकत नाही. जीपीएसचे उपग्रह आकाशवाणीप्रमाणे आपले संकेत सर्वत्र प्रक्षेपित करतात. कोण ऐकत आहे याची त्यांना नोंद नसते, त्यामुळे एखाद्या देशाच्या ग्राहकयंत्रापुरती सेवा 'बंद करणे' अशी क्रिया त्यात संभवत नाही. मे ते जुलै १९९९ या काळात भारतीय सैनिकाच्या हाती नागरी ग्राहकयंत्र असते तर त्यावर स्थान दिसलेच असते. मात्र ते स्थान सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकलेले असण्याची शक्यता होती. कारण नागरी संकेतांत हेतुपुरस्सर त्रुटी मिसळण्याचे धोरण अमेरिकेने त्या वेळी जगभर अवलंबिले होते. ही त्रुटी खुद्द अमेरिकेतील नागरिकांच्या वाट्यालाही येत होती. अचूक संकेत कूटबद्ध होते आणि ते केवळ अमेरिकी सैन्यास व तिच्या निवडक मित्रराष्ट्रांस उपलब्ध होते. तेव्हा नाकारला जाऊ शकत होता तो हा अचूक, कूटबद्ध संकेत. डोंगरमाथ्यावरील एखादे ठाणे हेरण्यासाठी शंभर मीटरची चूक किती महागात पडू शकते हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून कथेतील वेदना खरी आहे, तिचा तपशील मात्र सैल आहे.

नकाराच्या भीतीला याहून भक्कम आधार पुढील वर्षी मिळाला, आणि तोही अमेरिकेच्या अध्यक्षांच्या औदार्यपर घोषणेतून. मे २००० च्या प्रारंभी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशान्वये नागरी संकेतांतील त्रुटी काढून टाकण्यात आली आणि एका रात्रीत जगभरातील ग्राहकयंत्रे अनेक पटींनी अचूक झाली. परंतु त्याच निवेदनात असेही नमूद होते की राष्ट्रीय सुरक्षेला धोका निर्माण झाल्यास विशिष्ट प्रदेशापुरते जीपीएसचे संकेत नाकारण्याची क्षमता अमेरिकेने सिद्ध केली आहे. सवलतीची घोषणा आणि तिच्या मर्यादेची घोषणा एकाच कागदावर होती. ज्या राष्ट्रांनी तो कागद काळजीपूर्वक वाचला, त्यांना 'प्रदेश' या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नाही. भारतीय चर्चेत कारगिलचा उल्लेख शेकडो वेळा होतो आणि या निवेदनाचा क्वचितच होतो, हे नोंदवण्याजोगे आहे. पहिल्यात भावनेला आवाहन आहे, दुसऱ्यात धोरण आहे.

अमेरिकेच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. १९८३ मध्ये सोव्हिएत हवाई हद्दीत भरकटलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेल्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जीपीएस नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. २००० नंतर सार्वत्रिक त्रुटी पुन्हा लादली गेली नाही, आणि नव्या पिढीच्या उपग्रहांत ती सोयच ठेवली जाणार नाही असा निर्णय २००७ मध्ये घेण्यात आला. तथापि एका राष्ट्राने स्वेच्छेने दिलेली देणगी ही दुसऱ्या राष्ट्राच्या दृष्टीने हक्क ठरत नाही. तिच्यामागे करार नसतो, आणि असला तरी त्याची मुदत मैत्रीइतकीच असते.

याचा प्रत्यय सर्वांत स्पष्टपणे आला तो ब्रिटनला. गॅलिलिओच्या उभारणीत ब्रिटनचा पैसा आणि तेथील उद्योगांचे कौशल्य मोठ्या प्रमाणावर गुंतले होते. परंतु युरोपीय संघ सोडण्याचा निर्णय झाल्यावर शासकीय वापरासाठी राखीव असलेल्या कूटबद्ध सेवेच्या विकासकार्यातून त्याला बाहेर ठेवण्यात आले. २०१८ मध्ये ब्रिटनने स्वतःच्या प्रणालीच्या आराखड्यासाठी ९ कोटी २० लाख पौंडांची तरतूद जाहीर केली आणि २०२० मध्ये तो प्रकल्प गुंडाळला. नकाराची भीती, किंबहुना प्रत्यक्ष नकार, एवढेच कारण पुरेसे असते तर ब्रिटनने प्रणाली उभारली असती. तसे घडले नाही. म्हणून अन्य कारणांचा शोध घेणे क्रमप्राप्त ठरते.

आकाश सर्वत्र सारखे नाही

उपग्रहांची प्रणाली जागतिक असली तरी ती वापरणारा मनुष्य एका विशिष्ट अक्षांशावर, विशिष्ट डोंगरांच्या किंवा इमारतींच्या आडोशाला उभा असतो. त्याच्या माथ्यावरील आकाशाचा तुकडा हा त्याचा खरा प्रश्न असतो. रशियाचा मोठा भूभाग उत्तर ध्रुवाच्या जवळ असल्याने ग्लोनासच्या कक्षांचा विषुववृत्ताशी असलेला कल जीपीएसच्या ५५ अंशांऐवजी सुमारे ६५ अंश ठेवण्यात आला. जपानची अडचण वेगळीच होती. टोकियोसारख्या शहरातील उंच इमारतींच्या दरीत आणि डोंगराळ खोऱ्यांत क्षितिजाजवळचे उपग्रह दिसत नाहीत. म्हणून जपानने असे उपग्रह योजले की त्यांपैकी एक सदैव जवळपास डोक्यावर असावा. २०१० मध्ये पहिला मिचिबिकी उपग्रह गेला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये चार उपग्रहांनिशी सेवा सुरू झाली. जपान हा अमेरिकेचा निकटचा मित्र आहे आणि मिचिबिकीचे संकेत जीपीएसला पूरक म्हणूनच आखले गेले. या उभारणीत नकाराच्या भीतीपेक्षा रस्त्यांची रुंदी आणि इमारतींची उंची यांचा वाटा मोठा आहे.

भारतीय उपखंडाचे आकाश तर आणखी निराळे आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, आणि १९६३ मध्ये तिरुअनंतपुरमजवळच्या थुंबा या मच्छीमार गावी अग्निबाण केंद्र स्थापन झाले ते याच कारणाने. या विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस, काही अंतरावर, वातावरणाच्या आयनांबर नामक विद्युतभारित थराची दाटी सर्वाधिक असते. भारतात हा दाटीचा पट्टा अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता यांच्या आसपास येतो. उपग्रहाचा संकेत या थरातून येताना रेंगाळतो आणि सूर्यास्तानंतर कधीकधी थरथरतो. समशीतोष्ण कटिबंधातील देशांच्या हवेवर बेतलेली दुरुस्तीची सूत्रे येथे अपुरी पडतात. ही विलंबाची चूक कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. 'नाविक'ने ११७६ मेगाहर्ट्झ या कंप्रतेच्या जोडीला २४९२ मेगाहर्ट्झची एस पट्ट्यातील कंप्रता घेतली, तेव्हा दुसऱ्या संकेतावरील विलंब पहिल्याच्या साडेचार पटींनी कमी झाला, आणि दोन्हींच्या तुलनेतून विलंब मोजून वजा करण्याची सोयही झाली. ही निवड म्हणजे प्रादेशिक प्रणालीच्या समर्थनार्थ देता येणारा सर्वांत शास्त्रशुद्ध युक्तिवाद आहे. कारगिलच्या घोषात तो ऐकू येत नाही, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

कक्षांची रचनाही भूगोलावर बेतलेली आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीभोवती फिरतात आणि म्हणून चोवीस तरी लागतात. 'नाविक'चे उपग्रह सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या गतीने फिरतात. तीन भूस्थिर आणि चार २९ अंश कललेल्या भूसमकालिक कक्षांत, असे एकूण सात. भारतावरून पाहता ते सातही सतत दृष्टिपथात राहतात. भारताची भूमी आणि सीमेपलीकडील दीड हजार किलोमीटरचा टापू एवढ्यापुरतीच सेवा हवी असल्यास सात उपग्रह पुरतात. मे २००६ मध्ये केंद्र सरकारने १,४२० कोटी रुपयांच्या ज्या प्रकल्पास मंजुरी दिली त्याचे अर्थकारण या अल्पसंख्येवर उभे होते. भारताने आदल्याच वर्षी गॅलिलिओत सहभागी होण्याबाबत प्राथमिक सहमती दर्शविली होती, हे लक्षात घेता या मंजुरीमागील विचारपरिवर्तन अधिक ठळकपणे दिसते. चीननेही २००३ मध्ये गॅलिलिओशी करार केला होता आणि पुढे तो आपल्या बैदूकडे वळला. बैदूचा मार्ग मात्र वेगळा ठरला. २०१२ मध्ये आशिया-प्रशांत क्षेत्रापुरती असलेली ती सेवा २०२० मध्ये जागतिक झाली.

सात ही संख्या 'नाविक'चे बळ होती. तीच तिची दुबळी बाजूही ठरली. याचे कारण समजण्यासाठी घड्याळाकडे वळले पाहिजे.

घड्याळ : स्वायत्ततेचे मर्मस्थान

दिशादर्शक उपग्रह वस्तुतः काळ सांगतो. 'माझ्याकडे आता इतके वाजले आहेत आणि मी अमुक जागी आहे' एवढाच त्याचा संदेश असतो. हा संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून ग्राहकयंत्र अंतर काढते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की स्थान निश्चित व्हावे, परंतु ग्राहकयंत्रातील स्वस्त घड्याळ स्वतःच चुकलेले असते. ती चूक हे चौथे अज्ञात पद असल्याने चौथा उपग्रह अनिवार्य ठरतो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागात तीस सेंटिमीटर चालतो. उपग्रहावरील घड्याळ सेकंदाच्या दशलक्षांश भागाने चुकले तर अंतरात तीनशे मीटरची चूक येते. म्हणून प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळे ठेवावी लागतात, आणि ती बिघडली की उत्तम स्थितीतील उपग्रहही स्थाननिश्चितीच्या दृष्टीने मुका होतो.

'नाविक'च्या पहिल्या मालिकेतील प्रत्येक उपग्रहावर तीन रुबिडियम घड्याळे होती आणि ती स्वित्झर्लंडमधून आयात केलेली होती. जुलै २०१३ मध्ये सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या पहिल्याच उपग्रहावरील तिन्ही घड्याळे २०१६ पर्यंत निकामी झाली. विरोधाभास असा की, एप्रिल २०१६ मध्ये सातवा उपग्रह कक्षेत पोहोचला, पंतप्रधानांनी प्रणालीस 'नाविक' हे नाव दिले, स्वावलंबनाचा गौरव झाला, आणि त्याच वर्षी या स्वावलंबनाच्या हृदयस्थानी असलेली परदेशी बनावटीची घड्याळे बंद पडत होती. गॅलिलिओवरील घड्याळेही त्याच पुरवठादाराकडून आली होती. जानेवारी २०१७ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने जाहीर केले की त्या वेळी कक्षेत असलेल्या अठरा उपग्रहांवरील नऊ घड्याळे थांबली आहेत. तरीही गॅलिलिओची सेवा चालू राहिली, कारण प्रत्येक उपग्रहावर चार घड्याळे होती आणि उपग्रहांची संख्या वाढत होती. सातांच्या कुटुंबात एक आजारी पडणे आणि तिसांच्या कुटुंबात एक आजारी पडणे यांत जो फरक असतो, तोच येथे होता.

पुढील घटनाक्रम थोडक्यात असा आहे. १ए च्या जागी पाठवलेला १एच हा उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये प्रक्षेपकाचे उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला. एप्रिल २०१८ मध्ये १आय कक्षेत गेला. त्यानंतर पाच वर्षे एकही उपग्रह गेला नाही. मे २०२३ मध्ये दुसऱ्या पिढीचा एनव्हीएस-०१ हा उपग्रह गेला आणि त्यावर प्रथमच भारतात, अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्रात, विकसित झालेले रुबिडियम घड्याळ होते. वास्तविक स्वदेशी या विशेषणाचा पूर्ण अर्थाने वापर करावयाचा तर 'नाविक'चा जन्म २०१६ ऐवजी २०२३ मध्ये मानावा लागेल. परंतु जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोट्यावरून झालेल्या शंभराव्या प्रक्षेपणातून गेलेला एनव्हीएस-०२ हा उपग्रह, इंजिनास ऑक्सिडायझर पुरवणारी झडप न उघडल्यामुळे, लंबवर्तुळाकार कक्षेतच अडकून राहिला. जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार प्रक्षेपित झालेल्या अकरा उपग्रहांपैकी चारच उपग्रह त्या वेळी स्थान व काळ यांची सेवा देत होते. आणखी चार केवळ एकतर्फी संदेश प्रसारित करण्यासाठी उपयोगात होते, एक निवृत्त झाला होता आणि दोन नियोजित कक्षेत पोहोचू शकले नव्हते. चार ही संख्या वर सांगितलेल्या गणिताशी ताडून पाहावी. त्यांतील एक जरी ढळला तर 'नाविक'ला एकट्याच्या बळावर अक्षांश, रेखांश, उंची आणि काळ हे चारही सांगता येत नाहीत.

येथे ग्लोनासचा इतिहास स्मरणात ठेवण्यासारखा आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यास चोवीस असलेली त्याच्या उपग्रहांची संख्या २००१ च्या सुमारास सात-आठवर आली. कोणी त्यांवर हल्ला केला नव्हता की संकेत रोखले नव्हते. उपग्रहांचे नियोजित आयुष्य जेमतेम तीन वर्षांचे होते आणि जुन्यांच्या जागी नवे पाठवण्यासाठी पैसा नव्हता. प्रणाली पूर्ववत होण्यास २०११ उजाडावे लागले. परकीय नकारापेक्षा स्वकीय खंड अधिक घातक ठरू शकतो, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. भारतीय अभ्यासकांनी आणि नियोजनकारांनी ते २००६ मध्येच समोर ठेवावयास हवे होते.

काळमापनाचा आणखी एक पैलू आहे व तो स्थानापेक्षाही दूरगामी आहे. विजेच्या जाळ्यातील समन्वय, दूरध्वनी मनोऱ्यांमधील ताळमेळ, शेअर बाजारातील व्यवहारांचा क्रम या सर्वांस अचूक काळ लागतो आणि अनेक ठिकाणी तो परकीय उपग्रहांकडूनच घेतला जातो. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळेची अधिकृत राखणदार आहे. ही वेळ 'नाविक'च्या साहाय्याने प्रादेशिक प्रयोगशाळांपर्यंत पोहोचवण्याचा उपक्रम ग्राहक व्यवहार विभाग व इस्रो यांच्या सहकार्याने हाती घेण्यात आला आहे. रणभूमीवरील नकाराची चर्चा होते, पण एखाद्या राष्ट्राची घड्याळे दुसऱ्याच्या आकाशाकडे पाहून लावली जातात, हे परावलंबन रोजचे असूनही अदृश्य राहते.

ग्राहकाच्या हातातील यंत्र

आकाशातील संकेत ऐकणारे यंत्र बाजारात नसेल तर प्रणाली असून नसल्यासारखी होते. जगातील बहुसंख्य भ्रमणध्वनींतील चिपा १५७५ मेगाहर्ट्झ या कंप्रतेचे, म्हणजे जीपीएसच्या मूळ नागरी कंप्रतेचे, संकेत घेण्यासाठी बनलेल्या असतात. 'नाविक'च्या पहिल्या पिढीने ही कंप्रता घेतलीच नाही. तिची एस पट्ट्यातील कंप्रता जीपीएस, ग्लोनास किंवा गॅलिलिओ यांत नव्हती, आणि ११७६ मेगाहर्ट्झचा संकेत ऐकणारे भ्रमणध्वनी २०१८ च्या आधी बाजारात जवळपास नव्हते. परिणामी आयनांबराच्या दृष्टीने जी निवड श्रेष्ठ होती, ती बाजाराच्या दृष्टीने एकाकी ठरली. चिप बनवणारी कंपनी संपूर्ण जगासाठी एकच वस्तू तयार करते. एका उपखंडापुरत्या ऐकू येणाऱ्या संकेतासाठी जादा खर्च करण्याचे कारण तिला दिसत नाही. २०१९-२० मध्ये मोठ्या चिप उत्पादकांनी 'नाविक'चा अंतर्भाव सुरू केला, २०२३ मध्ये काही महागड्या आयफोनांतही तो आला, आणि त्याच वर्षी एनव्हीएस-०१ ने १५७५ मेगाहर्ट्झचा नागरी संकेत देण्यास आरंभ केला. पहिल्या उपग्रहापासून मोजल्यास यात दहा वर्षे गेली. युरोप व अमेरिका यांनी परस्परांचे नागरी संकेत जुळवून घेण्याचा करार २००४ मध्येच केला होता, म्हणजे भारतीय प्रकल्पाच्या मंजुरीपूर्वी. हा धडा उपलब्ध होता, तो घेतला गेला नाही.

याच्या जोडीला नकाशांचा प्रश्न होता. स्थान म्हणजे अखेर दोन आकडे. त्यांना अर्थ येतो तो नकाशावर मांडल्यावर. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी स्वतंत्र नकाशामालिका काढण्याचे ठरवले, तरी अचूक भौगोलिक माहिती गोळा करणे व प्रसिद्ध करणे यांवरील परवानग्यांचे जंजाळ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांपर्यंत बऱ्याच अंशी कायम होते. एकीकडे नागरिकांसाठी काही मीटरपर्यंत अचूक संकेत आकाशातून पाठवावयाचा आणि दुसरीकडे तितक्या अचूकतेचा नकाशा काढण्यास त्यालाच मज्जाव करावयाचा, या विसंगतीत भारतीय नकाशांची बाजारपेठ परकीय कंपन्यांच्या हाती गेली असल्यास नवल नाही.

विमानवाहतुकीच्या क्षेत्रातील 'गगन' ही सेवाही येथे विचारात घेण्याजोगी आहे. इस्रो व विमानपत्तन प्राधिकरण यांनी मिळून उभारलेल्या या सेवेस २०१३ व २०१५ मध्ये टप्प्याटप्प्याने प्रमाणपत्र मिळाले आणि एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे एका प्रवासी विमानाने तिच्या आधारे अवतरण केले. भारतीय आयनांबराच्या अभ्यासावर आधारित ही कामगिरी निःसंशय अभिमानास्पद आहे. परंतु 'गगन' दुरुस्ती करते ती जीपीएसच्या संकेतांची. मूळ संकेतच नसेल तर दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही.

स्वतंत्र प्रणाली असल्याने सर्व धोके टळतात, असेही नाही. उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की जमिनीवरील लहानसा प्रक्षेपक त्यास बुजवू शकतो किंवा खोटा संकेत पाठवून विमानास फसवू शकतो. युक्रेन, बाल्टिक समुद्र व पश्चिम आशिया येथे हे सातत्याने घडले आहे आणि भारताच्या पश्चिम सीमेजवळील विमानमार्गांवरही अशा घटनांची नोंद झाली आहे. अशा वेळी उपग्रह कोणाच्या मालकीचा आहे याला महत्त्व राहत नाही. निरनिराळ्या कंप्रतांवरील अनेक प्रणाली एकत्र वापरणे हाच त्यातल्या त्यात उपाय आहे. जुलै २०१९ मध्ये जमिनीवरील यंत्रणेतील बिघाडामुळे गॅलिलिओ सुमारे आठवडाभर बंद होती, तेव्हा युरोपातील भ्रमणध्वनी बिनबोभाट जीपीएसवर चालत राहिले. प्रादेशिक प्रणालीकडे तोडून वेगळे होण्याचे साधन म्हणून पाहण्यापेक्षा एकमेकींच्या आपत्काळात उभ्या राहणाऱ्या प्रणालींपैकी एक म्हणून पाहणे अधिक फलदायी आहे. परंतु दुसऱ्याच्या आपत्काळात उपयोगी पडण्यासाठी प्रथम स्वतः उभे असावे लागते.

'नाविक' हे नाव ज्यांच्या व्यवसायावरून घेतले, त्यांच्याकडे या संदर्भात पाहणे उचित ठरेल. २०१७ च्या अखेरीस ओखी वादळात दक्षिण किनाऱ्यावरील अनेक मच्छीमार खोल समुद्रात इशारा न पोहोचल्याने सापडले. भ्रमणध्वनीचा संपर्क किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर तुटतो, त्यामुळे उपग्रहामार्फत संदेश पोहोचवण्याची निकड त्या वेळी तीव्रतेने जाणवली. स्थान सांगण्यास निरुपयोगी झालेले 'नाविक'चे उपग्रह एकतर्फी संदेशांसाठी वापरले जातात, ही या दृष्टीने केवळ डागडुजी नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. कोकणातील तांडेलाला त्या यंत्राकडून दोन गोष्टी हव्या असतात. आपली नौका कोठे आहे हे किनाऱ्यावर कळावे आणि वादळ कोठे आहे हे नौकेवर कळावे. पडद्यावरचा आकडा कोणत्या देशाच्या उपग्रहाने दिला हे त्या पडद्यावर लिहिलेले नसते.

पहिल्या पिढीच्या उपग्रहांचे नियोजित आयुष्य दहा वर्षांचे आणि दुसऱ्या पिढीचे बारा वर्षांचे आहे. जुलै २०२५ मध्ये कार्यरत असलेल्या चारांपैकी १बी हा एप्रिल २०१४ मध्ये गेलेला उपग्रह आपली मुदत तेव्हाच ओलांडून गेला होता. १एफ ची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती, १आय ची एप्रिल २०२८ पर्यंतची आहे आणि एनव्हीएस-०१ ची २०३५ पर्यंतची. दुसऱ्या पिढीचे एकूण पाच उपग्रह योजले असून त्यांपैकी दुसरा वाया गेला आहे.